लिंगाचा बाक: वाकणं चालू आहे की थांबलं, हे आधी बघा

ताठरता आल्यावर लिंग पट्टीने आखल्यासारखं सरळ असणारे पुरुष कमीच. कुणाचं थोडं डावीकडे कलतं, कुणाचं वर, कुणाचं खाली. वयात आल्यापासून तसंच असेल, दुखत नसेल आणि संबंधाला अडचण येत नसेल, तर तो आजार नव्हे. डॉक्टरकडे जायची वेळ मुख्यतः दोघांवर येते. एक, ज्याचा बाक जन्मापासूनच इतका आहे की संबंध जमत नाही. दुसरा, ज्याचं इतकी वर्षं सरळ असलेलं लिंग गेल्या काही महिन्यांत वाकायला लागलं आहे.

या दुसऱ्या प्रकाराला पेरोनीचा आजार म्हणतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक ला पेरोनी यांनी १७४३ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून हे नाव पडलं. नाव परकं असलं तरी दुखणं आपल्याकडचंही आहे. पन्नाशी-साठीत ते जास्त दिसतं, शुगर असलेल्यांत आणखी जास्त, आणि तिशीतल्या माणसालाही होतं. मराठवाड्यात एकतर ते झाकलं जातं, नाहीतर बसस्टँडच्या भिंतीवरचा नंबर फिरवून कुठल्यातरी तेलाच्या बाटलीवर सोपवलं जातं. यात सात-आठ महिने सहज जातात, आणि या आजारात तेच महिने मोलाचे असतात. पेशंट पहिल्यांदा विचारतो, "किती वाकलंय, सरळ होईल का?" त्याच्याही आधीचा प्रश्न असा आहे की वाकणं अजून चालू आहे की थांबलं आहे. गोळी, इंजेक्शन, ऑपरेशन यातलं काय करायचं आणि कधी, हे त्यावरच ठरतं.

आत काय बिघडतं

लिंगात लांबीच्या दिशेने तीन नळ्या असतात. वरच्या बाजूला दोन शेजारी शेजारी, स्पंजासारख्या. त्यांच्याखाली एक, तिच्यातून लघवीची वाट जाते. वरच्या दोन नळ्यांवर एक पांढरट, चिवट आवरण असतं. लिंग शिथिल असताना ते सुमारे दोन मिलिमीटर जाड असतं. रक्त भरून ताठरता आली की ताणून अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ होतं. सगळीकडून सारखं ताणलं गेलं तर लिंग सरळ राहतं.

पंक्चरच्या दुकानात टायरातून काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरताना बघा. जिथं जाड ठिगळ लावलेलं असतं तिथलं रबर फुगत नाही, बाकीचं फुगतं, आणि ट्यूब त्या ठिगळाच्या बाजूला ओढली जाते. पेरोनीत हेच होतं. आवरणावर एका जागी घट्ट वण तयार होतो आणि तेवढा भाग ताणायला नकार देतो. वण वरच्या बाजूला असेल तर लिंग वर वाकतं, डाव्या बाजूला असेल तर डावीकडे. वरचा बाक सगळ्यात जास्त आढळतो. वण गोलाकार पसरला तर मध्येच डमरूसारखी कंबर पडते, आणि संबंधाच्या वेळी त्या जागी लिंग सांध्यात मोडावं तसं मोडतं. डमरूचा आकार उपचाराला बाकापेक्षा अवघड असतो, म्हणून तो दिसत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हाताला हा वण कातडीखाली कडक पट्टीसारखा किंवा वाटाण्याएवढ्या गाठीसारखा लागतो. पेशंट गाठ म्हणतो, डॉक्टर प्लाक म्हणतात. जुन्या वणात कॅल्शियम साठून तो खड्यासारखा टणकही होतो.

वण पडतो कशाने? बहुतेकदा संबंधाच्या वेळी लिंग मध्येच मुडपून आवरणाच्या थरांत बारीक चिरा जातात आणि तिथं थोडं रक्त झिरपतं. बहुतेकांना अशी इजा झाल्याचं आठवतही नाही. एरवी ही जखम भरते आणि विषय संपतो. काही जणांत मात्र जखम भरणाऱ्या पेशी थांबतच नाहीत, लवचिक धाग्यांच्या जागी कोलॅजन नावाचं कडक धाग्यांचं प्रथिन साचत राहतं. ताठरता अर्धवट असताना संबंध केला तर मुडपण्याची शक्यता वाढते, आणि शुगर, बीपी, तंबाखू यांनी ताठरता आधीच कमी झालेली असते. बिडी, गुटखा, मिश्री हे सगळं तंबाखूतच मोजायचं. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांतही हा आजार दिसतो.

एक खूण आवर्जून तपासा. दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवून सपाट टेकतात का? करंगळी किंवा अनामिका आत ओढली गेली असेल आणि तळहातात दोरीसारखी गाठ लागत असेल, तर तो डुपुट्रेनचा आजार. हात आणि लिंग यांतला वण एकाच जातीचा असतो आणि दोन्ही एकाच माणसाला, कधी एकाच घरात आढळतात. शेतात काम करणारे याला कामाचे घट्टे समजून सोडून देतात.

हस्तमैथुनाने किंवा स्वप्नदोषाने हा आजार होत नाही. तो संसर्गजन्य नाही, बायकोला लागत नाही आणि कॅन्सरही नाही. मात्र कातडीवर न भरणारी जखम, कातडीखालून येणारा वास किंवा रक्त, बोंडावर वाढणारी गाठ, हे वेगळं प्रकरण आहे. तिथं एक आठवडाही थांबू नका.

पहिलं वर्ष

आजाराचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात वण तयार होत असतो: ताठरता आली की दुखतं, कधी शिथिल असतानाही, आणि बाक महिन्या-महिन्याला बदलतो. हा टप्पा साधारण सहा महिने ते दीड वर्ष चालतो. दुसऱ्या टप्प्यात दुखणं जातं आणि बाक जिथं असेल तिथं थांबतो.

यात एक मोठी फसगत होते. दुखायचं थांबलं की माणूस समजतो, बरं झालं. तेलवालाही तेच सांगतो, कारण दुखणं जवळपास सगळ्यांचं दीड वर्षात आपोआपच जातं. पण दुखणं जाणं म्हणजे वण पक्का होणं. उपचार न घेतलेल्या दहा जणांमागे साधारण एकाचाच बाक आपोआप कमी होतो, चौघांचा तसाच राहतो आणि जवळपास पाच जणांचा वाढतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि शिंप्याची टेप एवढंच सामान लागतं. महिन्यातून एकदा, सकाळी पूर्ण ताठरता असताना, मोबाइलने दोन फोटो काढा: एक बरोबर बाजूने, एक बरोबर वरून. तिरक्या फोटोत कोन चुकतो. बुडाकडचा सरळ भाग जिकडे चालला आहे ती एक रेघ, टोकाकडचा भाग जिकडे वळला आहे ती दुसरी. पहिली रेघ तशीच पुढे ओढली असती तर तिच्यापासून दुसरी किती अंशांनी फिरली, तो बाक. कोनमापक मोबाइलच्या काचेवर ठेवूनही हे मोजता येतं. लांबी मोजायची ती शिथिल लिंग हलकेच ताणून, वरच्या बाजूने, टेपचं टोक लिंगाच्या बुडाशी वर लागणाऱ्या हाडाला टेकवून बोंडाच्या टोकापर्यंत. दरवेळी तीच पद्धत ठेवा. सोबत तारीख, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ताठरता पूर्ण येते का आणि संबंध जमतो का, हे एका ओळीत लिहा.

फोटो काढण्याआधी मोबाइलचा ऑटो बॅकअप बंद करा. घरात एकच मोबाइल चार जण वापरत असतील तर फोटोऐवजी कागदावर आकृती काढा, तीही चालते.

या नोंदीचा उपयोग दोन ठिकाणी होतो. डॉक्टरांसमोर ताठरता येत नाही, त्यामुळे त्यांना बाक दिसतच नाही. ही वहीच त्यांना तो दाखवते. आणि सलग तीन महिने दुखणं नाही, कोनही बदललेला नाही, असं वहीत दिसलं की आजार थांबला असं धरता येतं. ऑपरेशनसाठी बरेच सर्जन आजार सुरू होऊन वर्ष उलटलेलं आणि बाक तीन ते सहा महिने स्थिर असलेला बघतात. त्याआधी केलेलं ऑपरेशन वाया जाऊ शकतं, कारण टाके घालून सरळ केलेलं लिंग पुढे वण वाढला की पुन्हा वाकतं.

कुणाकडे जायचं

युरोलॉजिस्टकडे. मराठवाड्यात त्यांना लोक मुतखड्याचे डॉक्टर म्हणून ओळखतात, आणि हे सोयीचंच आहे. त्या ओपीडीत बसलेला माणूस खड्यासाठी आला की कशासाठी, हे कुणाला कळत नाही. खिडकीवर "लघवीचा त्रास आहे" एवढं सांगितलं तरी पुरतं; खरं काय ते आत बोला. सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची सर्जरीची ओपीडी गाठा. तिथून गरजेप्रमाणे युरोलॉजीकडे पाठवतात. ऑपरेशन ठरलं तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

डॉक्टर हाताने प्लाक चाचपतात, ताणलेली लांबी मोजतात, शुगरची तपासणी सांगतात. बहुतेक वेळा निदानाला एवढंच पुरतं. एमआरआय किंवा गाठीचा तुकडा काढून तपासणं सहसा लागत नाही, आणि कुणी पहिल्याच भेटीत ते सांगितलं तर का, हे विचारायला हरकत नाही. इंजेक्शन किंवा ऑपरेशन करायचं ठरलं तर मात्र एक तपासणी हवी. लिंगात औषधाचं बारीक सुईने इंजेक्शन देऊन ताठरता आणतात, कोन मोजतात, आणि कलर डॉप्लर सोनोग्राफीने रक्तपुरवठा बघतात. ही ताठरता तासा-दोन तासांत उतरते. घरी गेल्यावर चार तासांनंतरही ती टिकून राहिली तर तशीच रात्र काढू नका, परत दवाखान्यात या. रक्त अडकून राहिलं तर आतला स्पंज कायमचा खराब होतो.

गोळ्या, यंत्रं, इंजेक्शनं

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्षानुवर्षं लिहिल्या जात आहेत. टॅमॉक्सिफेन, कार्निटीन, ओमेगा-३ हेही दिलं जातं. यातल्या कशानेही बाक कमी होतो असं चांगल्या अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या युरोलॉजी संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधं देऊ नयेत असं म्हटलं आहे. पहिल्या टप्प्यातल्या दुखण्यावर साधी वेदनाशामक गोळी चालते, तीसुद्धा किडनी आणि पोटाचा इतिहास सांगून घ्या. शॉकवेव्ह मशीनची पॅकेजं आता जिल्ह्याच्या गावांतही विकली जातात. त्या मशीनने दुखणं कमी होऊ शकतं, बाक कमी होत नाही. दुखणं जर आपोआपच जाणार असेल तर त्यासाठी किती पैसे मोजायचे, हे ज्याने त्याने ठरवावं.

तेलाने वण विरघळत नाही. तो कातडीखाली, चिवट आवरणात असतो आणि मालिशीचं तेल तिथवर पोचत नाही. उलट जोराची मालिश, वजन बांधणं, हाताने कडाकड सरळ करणं यांनी नव्या चिरा जातात. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानुसार मनाई आहे. भिंतीवर रंगवलेली जाहिरात सरकारमान्य असते असं समजू नका.

ताठरता कमी असेल तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल उपयोगी पडतं. त्याने बाक जात नाही, पण ताठरता पूर्ण आली की लिंग मुडपणं टळतं. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा दुसरी नायट्रेटची गोळी चालू असेल तर मात्र ही औषधं अजिबात घेऊ नका. दोन्ही एकत्र घेतली तर बीपी एकदम कोसळतं आणि जीव जाऊ शकतो. मेडिकलवाल्याने न विचारता गोळी दिली तरी तुम्ही स्वतः हे सांगा.

ताण देणारं यंत्र, ज्याला ट्रॅक्शन म्हणतात, हा पहिल्या टप्प्यातही करता येणारा उपाय आहे. बुडाशी एक कडी, बोंडामागे पकड आणि मध्ये दोन दांड्या, अशी त्याची रचना असते. दांड्यांची लांबी हळूहळू वाढवत वणाला रोज मंद ताण द्यायचा. जुनी यंत्रं दिवसातून तीन ते आठ तास लावावी लागतात, नवीन पद्धतीचं यंत्र रोज अर्धा ते एक तास. दोन्हींना तीन ते सहा महिने चिकाटी लागते, आणि इथंच बहुतेक जण सोडतात. फरक बेताचा पडतो, काही अंशांचा, पण लांबी टिकायला मदत होते आणि पुढे ऑपरेशन करायचं ठरलं तर ती लांबी कामाला येते. बोंड निळसर पडलं, गार लागलं किंवा बधिर झालं तर यंत्र लगेच काढा. लावून झोपू नका. शुगरमुळे बधिरपणा असलेल्यांना पकड आवळलेली कळत नाही, त्यांनी डोळ्यांनी बघत राहावं.

इंजेक्शन थेट वणात देतात. व्हेरापामिल स्वस्त आहे. एका वेळी साधारण १० मिलिग्रॅम, जागा बधिर करून, सुई वणातून अनेक दिशांनी फिरवत, दोन आठवड्यांच्या अंतराने, एकूण बाराएक वेळा. त्याचा पुरावा संमिश्र आहे. काहींना फायदा होतो, काहींना नाही. इंटरफेरॉनने त्याहून थोडा भरवशाचा फरक पडतो, पण इंजेक्शनानंतर ताप आणि अंगदुखी येते.

सगळ्यात जास्त अभ्यासलेलं औषध कोलॅजनेज. हे वणातलं कोलॅजन कापणारं एन्झाइम आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली, तीही हाताला लागणारा प्लाक आणि किमान ३० अंशांचा बाक असेल तरच. एका फेरीत दोन इंजेक्शनं, एक ते तीन दिवसांच्या अंतराने. त्यानंतर डॉक्टर आणि मग घरी पेशंट स्वतः लिंग हळुवार ताणून सरळ करत राहतो. सहा आठवड्यांनी पुढची फेरी, जास्तीत जास्त चार फेऱ्या. मान्यतेआधीच्या चाचण्यांत बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला. मात्र नुसत्या खोट्या इंजेक्शनानेही तो १८ टक्के कमी झाला होता, हे लक्षात ठेवा. म्हणजे ५० अंशांचा बाक ३३ वर येईल, शून्यावर नाही. पण ५० ला जे जमत नाही ते ३३ ला अनेकांना जमतं. इंजेक्शनानंतर सूज आणि काळंनिळं होणं नेहमीचंच आहे. खरा धोका असतो तो आवरण फाटण्याचा, म्हणून प्रत्येक फेरीतल्या दुसऱ्या इंजेक्शनानंतर चार आठवडे संबंध पूर्ण बंद.

या सगळ्या काळात बायकोला काय सांगायचं, हा प्रश्न ओपीडीत कुणी मोठ्याने विचारत नाही. नवरा जवळ येणं टाळतो, तिला कारण कळत नाही, आणि ती भलताच अर्थ काढते. शक्य असेल तर तिला एका भेटीला सोबत आणा. डॉक्टरांच्या तोंडून "हा वणाचा आजार आहे, बाहेरून आणलेला नाही" एवढं एक वाक्य तिने ऐकलं तरी घरातला ताण बराच उतरतो. इंजेक्शन किंवा ऑपरेशननंतरचे बंदीचे आठवडे सोडले तर संबंध पूर्ण थांबवायची गरज सहसा नसते. मुडपण्याचा धोका जास्त असतो तो बाई वर असताना, कारण तिचं वजन लिंगावर चुकीच्या कोनात येऊ शकतं. कुशीवर झोपून, घाई न करता, वंगणासाठी जेली वापरून बहुतेकांना जमतं.

ऑपरेशन कुणाचं आणि कोणतं

बाक थांबलेला आहे आणि संबंध जमत नाही, या दोन्ही गोष्टी असतील तरच. नुसतं दिसायला वाकडं आहे म्हणून ऑपरेशन करू नये. ३० अंशांच्या आतल्या बाकाला ते क्वचितच लागतं.

ताठरता चांगली आहे, बाक ६० अंशांच्या आत आहे आणि डमरू नाही, अशांसाठी टाक्यांचं ऑपरेशन, म्हणजे प्लिकेशन. पाठीत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन करतात. सलाइनने लिंग ताठ करतात, आणि वणाला हात न लावता त्याच्या समोरच्या, म्हणजे लांब असलेल्या बाजूच्या आवरणाला न विरघळणारे टाके घालून ती बाजू आखूड करतात. पुन्हा सलाइन भरून सरळ झालं का बघतात. ढगळ सदऱ्याला एका बाजूने चूण घालतात, तसंच. यातच त्याचा तोटाही आहे: लांब बाजू आखूड बाजूच्या मापाला आणली जाते, त्यामुळे लिंग थोडं आखूड होतं, बाक जास्त तेवढं जास्त. ऑपरेशनआधी ताणलेली लांबी मोजून कागदावर लिहून घ्या. आजारानेच बऱ्याचदा आधी थोडी लांबी गेलेली असते आणि नंतर सगळा दोष ऑपरेशनवर जातो. टाक्यांच्या गाठी कातडीखाली हाताला लागतात, त्या तशाच राहतात.

बाक कुठल्या दिशेला आहे यालाही महत्त्व आहे. संवेदनेच्या नसा लिंगाच्या वरच्या बाजूने जातात. बाक खाली असेल तर टाके वरच्या बाजूला पडतात, आणि नसा सांभाळून बाजूला कराव्या लागतात किंवा त्यांच्या मधून टाके घालावे लागतात. बोंड बधिर होण्याचा धोका इथं जास्त. वरच्या बाकात टाके खाली, लघवीच्या वाटेच्या शेजारी येतात. तुमच्या बाबतीत कोणता धोका आहे, हे आधी विचारा.

बाक ६०-७० अंशांच्या वर असेल किंवा डमरू असेल, आणि ताठरता उत्तम असेल, तर वणाला चीर देऊन किंवा त्याचा भाग काढून तिथं कलम लावतात: पायातली शीर, गालाच्या आतली त्वचा किंवा प्राण्यांच्या ऊतीपासून तयार केलेला पडदा. लांबी जास्त टिकते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा धोकाही जास्त. पन्नाशी उलटलेल्या, शुगर असलेल्या माणसाने हे ऑपरेशन निवडण्याआधी दोनदा विचार करावा.

आणि ज्याला बाकही आहे आणि गोळी घेऊनही ताठरता येत नाही, त्याला नुसतं सरळ करून काही मिळणार नाही. त्याच्यासाठी आत इम्प्लांट, म्हणजे लिंगाला ताठपणा देणारं कृत्रिम साधन, बसवणं हा मार्ग आहे. इम्प्लांट बसवल्यावर ऑपरेशन टेबलावरच लिंग हाताने हळूहळू विरुद्ध बाजूला वळवून उरलेला बाक काढता येतो. शुगर आटोक्यात आणूनच हे करतात, कारण जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट काढावं लागतं.

तिन्ही ऑपरेशनांनंतर सहा ते आठ आठवडे संबंध बंद. झोपेत आपोआप येणारी ताठरता पहिले काही दिवस दुखते. टाके ओढले जातात म्हणून घाबरू नका, पण अचानक फुगलं, पट्टी रक्ताने भिजली किंवा ताप आला तर लगेच जा. मोटारसायकल आणि वजन उचलणं निदान दोन आठवडे नको. सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

जन्मतः असलेला बाक

जन्मतः बाक असलेल्या मुलाच्या आवरणात वण नसतो; एक बाजू वाढतानाच आखूड राहिलेली असते. बाक बहुधा खाली असतो, दुखत नाही, वाढतही नाही. गोळी, इंजेक्शन, यंत्र यांचा इथं उपयोग नाही. त्रास असेल तर टाक्यांचं ऑपरेशन एवढा एकच उपाय, तोही वाढ पूर्ण झाल्यावर. हा बाक मुलाला चौदाव्या-पंधराव्या वर्षीच कळलेला असतो, पण तो बोलतो लग्नाची तारीख निघाल्यावर. पत्रिका छापून झाल्यावर, महिन्याभरावर तिथी असताना केलेल्या ऑपरेशनला भरून यायला वेळच मिळत नाही. मुलगी बघायला सुरुवात करण्याआधी दाखवा, निदान लग्नाच्या तीन-चार महिने आधी.

कधी बाक नसतोच. बोंडाखालची बारीक दोरी आखूड असल्यामुळे फक्त टोक खाली ओढलं जातं. ती सैल करायचं ऑपरेशन छोटं असतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

तान्ह्या मुलाचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल, लघवीची धार खाली किंवा पायावर पडत असेल आणि लिंग खाली वाकलेलं असेल, तर तो वेगळा जन्मदोष आहे, हायपोस्पेडियास. त्याचं ऑपरेशन बहुधा सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. आणि अशा बाळाची सुंता सर्जनने बघण्याआधी करू नका. छिद्र पुढे आणताना नवी नळी आणि आवरण करायला तीच कातडी वापरतात, आणि ती आधीच कापली गेली तर ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

रात्री घडलं तर

संबंध चालू असताना किंवा ताठ लिंग अंगाखाली सापडून कट असा आवाज आला, ताठरता एकदम गेली, कळ आली आणि लिंग सुजून वांग्यासारखं जांभळं पडलं, तर आवरण फाटलं आहे. हाड नसलं तरी डॉक्टर याला फ्रॅक्चरच म्हणतात. सकाळची वाट बघू नका. पहिल्या २४ तासांत आवरण शिवलं तर बहुतेकांचं लिंग नीट राहतं. लाजेपोटी आठ दिवस घरी काढले तर जागेवर वण धरून तेच वाकडेपण कायमचं येतं, शिवाय ताठरता जाऊ शकते. कापडात गुंडाळून बर्फ लावा, मालिश करू नका, ओढून सरळ करू नका. भूल द्यावी लागेल म्हणून काही खाऊ-पिऊ नका. लघवीच्या जागेतून रक्त आलं किंवा लघवी होतच नसेल तर कुंथत बसू नका. लघवीची नळीही फाटलेली असू शकते, ही गोष्ट तपासणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. "खाली मार लागलाय, रक्त येतंय" एवढं सांगितलं तरी ती येते.